कारखान्याच्या दारात पुन्हा

"यांच्या घरात पाणी शिरलेले दिसत नाही. मग ही माणसे अशी का बसली आहेत?" आईने पडद्याकडे बोट दाखवून विचारले.

२०२१ च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. गोव्यात, फोंड्यातील माझ्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आई, माझा भाचा आणि मी असे तिघे जण भाच्याच्या लॅपटॉपसमोर बसलो होतो आणि 'द कॉनर्स' या अमेरिकी कौटुंबिक विनोदी मालिकेच्या तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग पाहत होतो. तिकडे तो २१ ऑक्टोबर २०२० रोजी दाखवला गेला होता, म्हणजे आमच्यापर्यंत तो दहा महिन्यांनी पोहोचला होता. आईला इंग्रजी कळत नाही, त्यामुळे भाचा दर दोन-चार वाक्यांनंतर चित्र थांबवून तिला अर्थ सांगत होता. आमच्या घरात बोलणे कोकणीत आणि वाचणे-लिहिणे मराठीत असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, तेव्हा आईचे जे बोलणे येथे येईल ते मी तिच्या कोकणीवरून मराठीत लिहीत आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

पाणी शिरले होते ते आमच्या घरात. सत्तरी तालुक्यात म्हादईच्या काठापासून हाकेच्या अंतरावर आमचे मातीच्या भिंतींचे जुने घर आहे. २३ जुलै २०२१ च्या पहाटे नदी कुळागरात, म्हणजे घरामागच्या पोफळी-माडांच्या बागेत आली, तेथून खळ्यात आली, आणि उजाडेपर्यंत पडवीच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. त्या दिवशी गुळेलीजवळचा पैकूळचा पूल वाहून गेला आणि दूधसागरच्या घाटात दरड कोसळून मंगळुरूहून मुंबईला निघालेल्या रेल्वेगाडीचे डबे रुळावरून घसरले. १९८२ नंतरचा हा सर्वांत वाईट पूर असल्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी सांगितले. आईला १९८२ चा पूर आठवतो. तेव्हा पाणी उंबऱ्याला लागून परत गेले होते, म्हणून या वेळीही ते उंबऱ्यावरूनच परतेल, असा तिचा विश्वास होता. दादाने तिला जवळजवळ उचलूनच वरच्या वाड्यावर नेले. दुपारी मागची भिंत बसली. मातीची भिंत पडताना मोठा आवाज होत नाही. पाण्याने खालून विरघळलेली भिंत स्वतःच्याच वजनाने खाली येते, आणि दादाच्या शब्दांत सांगायचे तर, ती पडली असे वाटत नाही, दमून बसली असे वाटते.

पाणी दुसऱ्या दिवशी ओसरले. पुढच्या आठ दिवसांत चिखल काढून झाला, तलाठी येऊन पंचनामा करून गेले, आणि आईला मी फोंड्याला घेऊन आले. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत आमच्यापैकी कोणीही पुराविषयी फारसे बोलले नाही. बोलणे होत असे ते चिऱ्यांच्या दराविषयी, गवंडी कोणत्या दिवशी येणार याविषयी आणि चवथीपूर्वी, म्हणजे गणेशचतुर्थीपूर्वी, निदान देवाची खोली तरी उभी राहील की नाही याविषयी. त्या वर्षी चवथ १० सप्टेंबरला होती आणि घराला मागची भिंत नव्हती.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे की 'द कॉनर्स'चा तो भागही अगदी याच जागी सुरू होतो. संकट येऊन गेलेले आहे. ते कसे आले, पहिली बातमी कोणी ऐकली, कोण रडले, कोणाची झोप उडाली, यातले काहीही पडद्यावर दिसत नाही, कारण ते सगळे दोन पर्वांच्या मधल्या सुट्टीत घडून गेले आहे. आपण घरात शिरतो तेव्हा मुखपट्ट्या खुंटीला लागलेल्यासारख्या सवयीच्या झालेल्या आहेत, आणि कुटुंबापुढचा प्रश्न रोगाचा राहिलेला नसून घर राहते की जाते हा आहे. डॅन कॉनरला घराचे पैसे भरता आलेले नाहीत आणि त्याच्यावर बेघर होण्याची पाळी आली आहे. जॉन गुडमन या मोठ्या देहाच्या नटाने ती भूमिका केली आहे, आणि त्याचे ते खुर्चीत खचून बसणे पाहूनच आईने तो प्रश्न विचारला होता. "पाणी नाही, आजी. रोग आला, काम गेले," भाचा म्हणाला. "मग तेच," आई म्हणाली.

मी उच्च माध्यमिक विद्यालयात इंग्रजी शिकवते. या मालिकेची ओळख मला माझ्या विषयामुळे झाली, पण तिच्याशी माझे नाते जडले ते तिच्या घरामुळे. हे घर इलिनॉय राज्यातील लॅनफर्ड नावाच्या काल्पनिक गावात आहे. 'रोझॅन' या नावाने ही मालिका ऑक्टोबर १९८८ मध्ये सुरू झाली आणि नऊ पर्वे चालून १९९७ मध्ये संपली. २०१८ च्या मार्चमध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा तेच दिवाणखाने-स्वयंपाकघर नव्याने उभारण्यात आले. मधोमध तोच सोफा आहे आणि त्याच्या पाठीवर क्रोशाने विणलेल्या रंगीबेरंगी चौकोनांची तीच चादर आहे. आमच्याकडे त्या जागी वाकळ असते. आईच्या आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली एक वाकळ आमच्या घरात होती. पुरानंतर वहिनीने ती सात पाण्यांतून धुतली, तरी तिच्यातून चिखलाचा वास गेला नाही. आई ती फोंड्याला घेऊन आली आहे. पडद्यावरची ती चादर दिसली की तिची नजर तेथेच थांबत होती, हे मी त्या रात्री पाहिले.

विनोदी कौटुंबिक मालिकेचा प्रेक्षकाशी एक न लिहिलेला करार असतो. वीस-बावीस मिनिटांत काहीही घडो, शेवटी माणसे त्याच सोफ्यावर येऊन बसतील आणि पुढच्या आठवड्यात आपण आलो की सगळे जागच्या जागी असेल, असे ती आपल्याला सांगत असते. म्हणून आपण दमून घरी आल्यावर तिच्याकडे वळतो. मोठ्या संकटानंतरच्या पर्वाचा पहिला भाग लिहिणाऱ्यांची मोठी अडचण होते ती येथे. सगळे पूर्ववत आहे असे दाखवावे तर ते खोटे ठरते, आणि काहीच पूर्ववत नाही असे दाखवावे तर माणसांना ज्या घराचा आधार होता ते घरच त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखे होते. त्याच २१ ऑक्टोबरच्या रात्री त्याच वाहिनीवर 'ब्लॅक-इश' या दुसऱ्या कौटुंबिक मालिकेचे सातवे पर्व सुरू झाले. त्यातील आई डॉक्टर आहे आणि रुग्णालयातून दमून घरी येते, तर घरून काम करणाऱ्या वडिलांना आपलेही काम तितकेच अत्यावश्यक असल्याचे सिद्ध करायचे असते. तो भाग मला आवडला, पण त्या घराला आर्थिक धक्का बसलेला नव्हता, आणि साथ संपली की त्या माणसांचे आयुष्य पूर्वीच्या जागी येईल याविषयी पाहणाऱ्याला शंका वाटत नव्हती. कॉनरांच्या घराविषयी तसे वाटत नाही.

या घराला सुट्टीनंतर असे उघडण्याची सवयही आहे. २०१८ च्या मे महिन्यात 'रोझॅन'च्या पुनरागमनाच्या पर्वाचा शेवटचा भाग दाखवला गेला, त्यात वादळी पावसाचे पाणी यांच्याच तळघरात शिरले होते. डॅन हा घरांच्या आतल्या भिंती उभारणारा कंत्राटदार आहे. पुराच्या भागात सरकारी मदत जाहीर झाल्यामुळे त्याला काम मिळणार, अशा बातमीवर तो भाग संपला होता. हे आठवले तेव्हा मला आमच्या गावातील गवंड्यांची आठवण झाली. जुलैपर्यंत साथीमुळे रिकामे बसलेल्या त्या माणसांना ऑगस्टमध्ये श्वास घ्यायला सवड नव्हती, आणि त्यांच्यापैकी एकाने दादाकडे, जणू आपलीच काही चूक झाली असावी अशा स्वरात, "तुमची भिंत पडली म्हणून माझ्या घरात तांदूळ आला," असे म्हटले होते. तो भाग दाखवल्यानंतर आठवडाभरातच मुख्य अभिनेत्री रोझॅन बार यांच्या वर्णद्वेषी ट्वीटमुळे मालिका रद्द झाली. उरलेल्या कुटुंबाला घेऊन ऑक्टोबर २०१८ मध्ये 'द कॉनर्स' सुरू झाली ती त्या कुटुंबातील आईच्या, म्हणजे रोझॅनच्या, अंत्यसंस्काराला तीन आठवडे उलटल्यानंतर. गुडघ्याच्या दुखण्यावर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांच्या अतिसेवनाने ती गेली होती. तेथेही मृत्यू पडद्यामागे होता आणि पडद्यावर होते ते तिच्या मागे उरलेले घर.

तिसऱ्या पर्वातील त्या पहिल्या भागाचा गाभा मात्र घराबाहेर, एका कारखान्यात आहे, आणि मला ज्याविषयी खरोखर लिहायचे आहे ते तेथेच आहे.

डार्लीन आणि बेकी या डॅनच्या दोन मुली. डार्लीनला लिहिण्याचे अंग आहे आणि आपले एक नियतकालिक चालवावे हे तिचे स्वप्न आहे. पैशांची निकड इतकी वाढते की दोघी बहिणी वेलमन प्लास्टिक्स या कारखान्यात कामासाठी जातात. जुन्या मालिकेचे पहिले पर्व पाहिलेल्यांना या नावाचा अर्थ लगेच कळतो. १९८८ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा त्यांची आई याच कारखान्यात कामाला होती. पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात, १९८९ मध्ये, नवा पर्यवेक्षक येऊन कामाचा कोटा वाढवतो आणि ती आपल्या सोबतिणींसह काम सोडून कारखान्याबाहेर पडते. लहान गावातील, जेमतेम पगारावर घर चालवणारी एक बाई पोटापेक्षा मान मोठा मानून उठते, हा त्या पर्वाचा शेवट होता. एकतीस वर्षांनंतर तिच्या मुली त्याच दारातून आत जातात.

भाच्याने हे आईला सांगितले तेव्हा तो सांगता सांगता अडखळला. कारण त्याची स्वतःची आई, म्हणजे माझी वहिनी, दोन आठवड्यांपूर्वी काजूच्या कारखान्यात जाऊ लागली होती.

काजूचा कारखाना म्हणजे काय हे सत्तरी-डिचोलीच्या बायकांना विचारावे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलेल्या या झाडाने आमच्या डोंगरांना हुर्राक आणि फेणी दिली, बागायतदारांना चार पैसे दिले आणि बायकांना बिया फोडण्याचे काम दिले. काजूच्या टरफलात एक काळपट, दाहक तेल असते. बी भाजून किंवा वाफवून घेतली तरी ते पूर्ण जात नाही. बी कापताना ते बोटांना लागते आणि कातडी भाजते, काळी पडते, तिचे पापुद्रे निघतात. आईच्या काळी हातमोजे नव्हते. बायका बोटांना खोबरेल चोळत, राख लावत आणि पायाने दांडा दाबून एकेक बी कापत. मजुरी वजनावर होती आणि गर तुटला तर तो कमी दराने धरला जाई. आईने तेथे सहा वर्षे काढली. एके दिवशी तिच्यासोबतच्या एका गरोदर बाईला घटकाभर बसल्याबद्दल वजनात कापले, तेव्हा आई समोरची टोपली तशीच ठेवून उठली आणि चालत घरी आली. माझा जन्म त्यानंतरचा. आमच्या घरातील मुलगी किंवा सून पुन्हा त्या कारखान्याची पायरी चढणार नाही, असे ती तेव्हा म्हणाली होती, आणि हे तिचे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले आहे की माझे शिक्षण, माझी नोकरी, माझे फोंड्यातील हे घर हे सगळे त्या एका वाक्यातूनच आले, असे मला वाटते.

दादाचा ट्रक होता. खाणी चालू असताना तो खनिजाच्या वाहतुकीवर असे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक विकला गेला. त्यानंतर कुळागर आणि मिळेल ते काम यांवर घर चालले. साथीत तेही आटले, १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळाने पोफळी मोडल्या आणि दोन महिन्यांनी नदी आली. भिंतीसाठी चिरे आणायचे तर रोख पैसे हवे होते. सरकारी मदत मिळणार होती, पण गवंडी ती मिळेपर्यंत थांबणारा नव्हता. वहिनीने कोणालाही न विचारता कारखान्यात नाव घातले. आईला ते फोनवर कळले. ती काहीच बोलली नाही, आणि तेव्हापासून वहिनीचा फोन आला की ती तो माझ्या हातात देऊ लागली.

त्या रात्री भाचा जेथे अडखळला तेथून मी पुढचे सांगितले. या मुलींची आई याच कारखान्यातून उठून गेली होती, आता ती या जगात नाही, आणि घर वाचवण्यासाठी मुली तेथेच जात आहेत, एवढेच मी म्हटले. आई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. चित्र थांबवलेले होते. मग तिने विचारले, "त्यांना कोणी अडवले नाही?"

"अडवणारी कोण होती? ती तर गेली," मी म्हणाले.

"असती तर तिने अडवले असते?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. मालिकेने तो प्रश्न अनुत्तरित ठेवला आहे, कारण जिला विचारायचे ती बाई घरात नाही. मात्र तिची गैरहजेरी त्या कारखान्यातील प्रत्येक दृश्यात जाणवते. सारा गिल्बर्ट आणि लेसी गोरॅन्सन या दोघी नट्या १९८८ मध्ये, मुली असताना, याच भूमिकांत पहिल्यांदा आल्या होत्या. प्रेक्षकांनी त्यांना त्या घरात वाढताना पाहिले आहे, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यांवर जे उतरते ते केवळ अभिनयाने आलेले नसते, त्यात आपण त्यांच्याबरोबर घालवलेला काळही असतो. अशा वेळी तो करार मोडतो. कुटुंब त्याच सोफ्यावर परत येते, हे खरे, पण आईने जे कमावले होते ते मुलींना मोडून खर्च करावे लागते. संकटाचे हे रूप बातम्यांत येत नाही. पडलेल्या घरांचा आकडा छापून येतो. एखाद्या बाईने तीस-चाळीस वर्षांपूर्वी घेतलेली शपथ त्या घराबरोबर पडली, याची मोजणी कोणी करीत नाही.

आणि तरीही तो भाग विनोदी आहे. त्या हंगामात तिकडे साथीमुळे प्रेक्षकांविना चित्रीकरण करावे लागले होते, पण माणसे एकमेकांना टोमणे मारतात, भांडतात, हसतात. डॅनची मेहुणी जॅकी हे पात्र लॉरी मेटकाफ यांनी असे काही रंगवले आहे की इंग्रजी न कळणारी आईदेखील दोनदा मोठ्याने हसली. पुरानंतर मी तिला प्रथमच हसताना ऐकले. संकटग्रस्त माणसांनी हसावे का, असा प्रश्न बाहेरच्यांना पडतो. आमच्या गावात चिखल काढताना मी जेवढे हसणे ऐकले तेवढे लग्नघरातही ऐकलेले नाही. शेजारच्या घराची पितळी घागर आमच्या फणसाच्या फांद्यांत अडकलेली सापडली, तेव्हा सगळा वाडा तेथे जमून पोट धरून हसला होता, आणि ज्यांची घागर होती ती म्हातारी सर्वांत जास्त हसली होती. ते हसणे दुःख विसरण्यासाठी नव्हते. घमेली उचलणारे हात चालू राहावेत म्हणून त्याची गरज होती, जशी ओझे वाहताना तालाची असते.

येथे आमच्या मराठी मालिकांविषयी एक गोष्ट बोलायला हवी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण थांबले, तेव्हा काही मराठी मालिका गोव्यात येऊन चित्रित होऊ लागल्या होत्या, आणि मे महिन्यात येथेही परवानग्या रद्द झाल्यावर त्यांना निघून जावे लागले. साथ त्या मालिकांना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेत होती, पण मी पाहिलेल्या कथांत मात्र तिचा मागमूस नसे. सुना सजून उभ्या असत आणि लग्ने थाटामाटात लागत. मी त्यांना दोष देत नाही. रोज संध्याकाळी आईला त्याच चेहऱ्यांचा आधार होता आणि रोजचा भाग रोज उभा करणाऱ्यांचे कष्ट मोठे असतात. तरी मनापासून वाटते की एखाद्या मराठी घराच्या गोष्टीत एका सकाळी चिखलाने भरलेले स्वयंपाकघर दिसावे, सासूने पदर खोचावा, सुनेने घमेले उचलावे, आणि दोघींनी उरलेल्या तांदळाचा हिशेब करावा. महाड आणि चिपळूण याच जुलैमध्ये बुडाले होते. ती गोष्ट पाहायला घराघरांत माणसे बसली असती.

भाग संपल्यावर भाच्याने लॅपटॉप मिटला. आईने त्याला विचारले, "तुझी आई हातमोजे घालते का?" तो म्हणाला, "देतात, आजी. पण मोजे घातले की बी नीट धरता येत नाही, वजन कमी भरते, म्हणून ती काढून ठेवते." आई उठून आत गेली.

चवथीला आम्ही गावी गेलो. मागची भिंत छातीपर्यंत उभी राहिली होती, चिऱ्यांची, अजून गिलाव्यावाचून. वरच्या अर्ध्या भागात दादाने माडाची झापे बांधली होती आणि त्यांतून कुळागराचा ओला वारा आत येत होता. देवाच्या खोलीत गणपतीच्या वर माटोळी बांधायचे काम चालू होते. दरवर्षी ती आंब्याच्या टाळ्यांनी, सुपारीच्या शिपट्यांनी, तोरिंगणांनी आणि रानातल्या फळांनी भरून जाते. त्या वर्षी आमच्या कुळागरात फारसे काही उरले नव्हते, म्हणून शेजाऱ्यांनी आपापल्या माटोळीतले एकेक फळ आणून दिले होते. वहिनी पाटावर उभी राहून दोरीने फळे बांधत होती. तिची बोटे काळी पडली होती आणि उजव्या अंगठ्याची कातडी सोललेली होती, त्यामुळे गाठ नीट बसत नव्हती.

आई खालून पाहत होती. तिने "खाली उतर" म्हटले. वहिनी उतरली. आईने कमरेच्या पिशवीतून एक लहान बाटली काढली. फोंड्याहून निघताना तिने माझ्या स्वयंपाकघरातील खोबरेल तीत भरून घेतले होते, हे मला तेव्हा कळले. तिने वहिनीला उंबऱ्यावर बसवले, तिचे हात आपल्या मांडीवर घेतले आणि एकेक बोट चोळू लागली.

"आधी नखांच्या कडांना लावायचे," ती म्हणाली. "तेल तेथूनच आत जाते. आणि सकाळी जाताना लाव, आल्यावर लावून उपयोग नाही."

मग तिने मला हाक मारली आणि अर्धवट राहिलेली माटोळी बांधायला सांगितले.